हत्यार दाराबाहेर: शनिवारवाड्यापासून हिललाइन ठाण्यापर्यंत

ठाणे, कल्याण, डोंबिवली हा आपला परिसर. त्याचा इतिहास आपण बहुतेक वेळा किल्ले, बंदरं, रेल्वे आणि गिरण्या यांच्या अंगाने ऐकतो. आज जरा वेगळ्या अंगाने जाऊ. आजचा प्रश्न साधा आहे: सरकारी इमारतीच्या दारातून हत्यार आत जावं की नाही? आणि जाऊ नये असं आपण सगळेच म्हणत असू, तर ते जातं कसं?

हा प्रश्न आपल्याला हवेतून सुचलेला नाही. २ फेब्रुवारी २०२४, शुक्रवारची रात्र. उल्हासनगरचं हिललाइन पोलीस ठाणं. द्वारली गावातल्या एका जमिनीचा वाद. दोन्ही बाजूंची माणसं ठाण्यात आलेली, बाहेर समर्थकांची गर्दी. वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड बसलेले होते आणि शिवसेनेच्या शिंदे गटाचे कल्याण शहरप्रमुख महेश गायकवाड हेही होते. त्या दालनातच गोळीबार झाला. महेश गायकवाड आणि त्यांचे सहकारी राहुल पाटील गंभीर जखमी झाले. आमदारांना अटक झाली. आपण आत्मसंरक्षणासाठी गोळ्या झाडल्या, असं त्यांनी त्याच रात्री एका वृत्तवाहिनीला फोनवर सांगितलं. दालनातल्या कॅमेऱ्याचं चित्रण दुसऱ्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

आता गुन्हा कोणाचा, चिथावणी कोणाची, जमीन कोणाची, हे ठरवायचं काम न्यायालयाचं. त्यात आपण पडायचं नाही. आणि यातल्या पक्षांचं राजकारण तर आपण दाराबाहेरच ठेवू. आपल्याला बघायचंय ते वेगळं. पिस्तूल झाडलं जाण्याच्या आधीचा तो क्षण, जेव्हा ते ठाण्याच्या दारातून आत आलं. त्या क्षणी कोणी विचारलं का, की साहेब, कमरेला काय आहे? आणि विचारलं असतं, तर विचारणाऱ्या शिपायाच्या हातात कुठला नियम होता?

गंमत बघा, आपल्या भाषेत पोलीस चौकीला शब्दच 'ठाणं' आहे, आणि आपल्या शहराचं नावही ठाणे. ठाणं म्हणजे जिथे सत्ता ठाण मांडून बसते ती जागा. तिथेच हत्यार निघालं तर मग माणसाने जायचं कुठे? म्हणून हा प्रश्न एका रात्रीपुरता नाही. त्याला अडीचशे वर्षांचा तरी इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा थेट ठाण्याच्या किल्ल्याला येऊन मिळतो.

शनिवारवाडा आणि ठाण्याचा किल्ला

३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे शेवटचे दिवस. पुण्यात शनिवारवाड्यात गारदी घुसले. पगार थकलाय, तो मागायला आलोय, ही त्यांची सबब. सुमेरसिंग गारदी त्यांच्यातला प्रमुख. पेशवे नारायणराव जेमतेम अठरा वर्षांचे. ते पळत काकांकडे, रघुनाथरावांकडे गेले आणि तिथेच मारले गेले. 'ध'चा 'मा' झाला ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. तिचा खरेखोटेपणा इतिहासकारांनी पुष्कळ चर्चिलाय, तो आज बाजूला ठेवू.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचं असं की शनिवारवाडा हे नुसतं घर नव्हतं. ते राज्याचं मुख्य कार्यालय होतं. फडही तिथे, दरबारही तिथे. दिल्ली दरवाज्याला हत्तीने धडका देऊ नयेत म्हणून खिळे ठोकलेले आजही दिसतात. एवढी भिंत, एवढा दरवाजा. आणि मारेकरी कोण? तर पहाऱ्यावरचे. ज्यांच्या हातात हत्यार असणं हीच नोकरी, त्यांना दारावर अडवणार कोण? हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे. सरकारी घरात हत्यार शिरतं ते बहुधा भिंत फोडून नाही. ज्याला अडवायची पद्धत नाही, अशा माणसाच्या हातून ते शिरतं.

पुढे काय झालं? रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांवर ठपका ठेवला, बारभाईंनी त्यांना पेशवाईतून दूर केलं. रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी बोलणी लावली. इंग्रजांना हवी होती साष्टी आणि वसई. साष्टीचं नाक म्हणजे ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये तो बांधायला घेतला होता, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला होता. पुण्यातला गोंधळ बघून इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याला वेढा घातला आणि महिनाअखेर किल्ला घेतला. सुरतेचा तह त्यानंतर, मार्च १७७५ मध्ये. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे पुण्यातल्या एका सरकारी वाड्यात हत्यार चाललं आणि दीड वर्षाच्या आत ठाणं हातचं गेलं. एकाच कारणाने इतिहास घडत नाही, हे खरं. साष्टीवर इंग्रजांचा डोळा आधीपासून होताच. पण संधी मिळाली ती त्या दिवसामुळे.

याच किल्ल्याची दुसरी गोष्ट. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरात १८१५ मध्ये खून झाला. त्या प्रकरणात इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. खबरदारी म्हणून पहारा गोऱ्या शिपायांचा. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पळाला. सांगतात असं, की खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातूनच बेत कळवायचा. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं. पहारा सगळा वस्तूंवर. भाषेवर पहारा नव्हता. तपासणी कितीही कडक ठेवा, तपासणारा जर समोरच्या माणसाला ओळखतच नसेल तर ती अपुरी पडते. आणि फारच ओळखत असेल, तरी अपुरी पडते. हिललाइनला दुसरं घडलं.

हत्यार कोणाचं, हा एकच प्रश्न

१८५७ नंतर इंग्रजांनी देश निःशस्त्र करायला घेतला. १८६० मध्ये एक कायदा आला, आणि मग १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळातला प्रसिद्ध शस्त्र कायदा. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही. युरोपियनांना मात्र नियमांतून सूट. त्यामुळे या कायद्याबद्दल आपल्याकडे जी चीड होती ती अपमानाची होती. राष्ट्रीय सभेच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्याच्याविरुद्ध ठराव होत राहिले. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

त्याच कायद्याच्या काळात ठाण्याचा किल्ला पुन्हा आपल्या गोष्टीत येतो, पण आता तुरुंग म्हणून. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. ब्राउनिंग पिस्तुलं लंडनहून चोरून आलेली. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ठाणेकर आजही त्या दिवशी त्यांची आठवण काढतात. पुढे १९३१ मध्ये वासुदेव बळवंत गोगटे यांनी फर्ग्युसन कॉलेजच्या ग्रंथालयात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचला.

ही उदाहरणं घेतली ती गौरवासाठीही नाही आणि निषेधासाठीही नाही. परक्या सत्तेच्या काळात कायद्याचं लक्ष कुठे होतं ते दिसावं म्हणून घेतली. सगळं लक्ष 'हत्यार कोणाकडे' यावर. नेटिवाकडे नको, साहेबाकडे चालेल. 'हत्यार कुठे नको' हा प्रश्न कायद्याने नीट विचारलाच नाही. कारण कचेरीत हत्यार असणारच, ते सरकारचं असणार, एवढं गृहीत होतं.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न घटना समितीपुढे आला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी सुचवलं की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. त्यांच्या मनात कराचीचा ठराव होता. डॉ. आंबेडकरांनी ते मान्य केलं नाही. शस्त्र कोणी बाळगावं यावर राज्याचं नियंत्रण हवं. परकीय सत्तेच्या काळातली मागणी स्वतंत्र देशात तशीच्या तशी चालत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. शेवटी घटनेत हत्यार आलं ते हक्क म्हणून आलं नाही, अट म्हणून आलं. कलम १९ नुसार आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र. हा 'विनाशस्त्र' शब्द फार मोलाचा आहे. चार माणसं बोलायला, भांडायला, मागणी करायला जमली, तर हत्यार बाजूला ठेवून जमतील. लोकशाहीची एवढीच तर अट आहे. आणि भांडायला, मागणी करायला माणसं सगळ्यात जास्त कुठे जमतात? कलेक्टर कचेरीत, महापालिकेत, कोर्टात, पोलीस ठाण्यात.

आजचा कायदा काय म्हणतो

१८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्याचे १९६२ चे नियम जाऊन २०१६ चे आले. २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा उरली, आणि लग्नावरातीत हवेत गोळ्या झाडणं हा वेगळा गुन्हा झाला. म्हणजे कायदा झोपलेला नाही. पण परवान्यावरच्या ठरावीक अटी वाचून बघा. खास परवानगीशिवाय हत्यार जत्रेत न्यायचं नाही, धार्मिक मिरवणुकीत न्यायचं नाही, सभेत न्यायचं नाही, शाळा-कॉलेजच्या आवारात न्यायचं नाही. चांगल्या अटी आहेत. पण यादीत कचेरी आणि पोलीस ठाणं नावानिशी नाही. तिथे कोणी भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन तक्रार द्यायला येईल, असं नियम लिहिणाऱ्याला वाटलं नसावं.

दुसरा आधार महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७. ठाण्यात १९८१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा सगळा पट्टा त्याच्याखाली येतो. सण आला, मोर्चा आला, निवडणूक आली की आयुक्तालयाचा मनाई आदेश निघतो. पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी असते: शस्त्रं, सोटे, भाले, तलवारी, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या बाळगायला मनाई. आपण वाचतो आणि पान उलटतो. हा आदेश गर्दीसाठी असतो, रस्त्यासाठी असतो. दालनात बसून चहा घेणाऱ्या पाहुण्याला तो लागू करायचा, हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

तिसरा आधार मात्र स्वच्छ आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १३४-ख असं कलम आहे, १९९६ मध्ये घातलेलं. मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रात किंवा त्याच्या आसपास हत्यार घेऊन जायचं नाही. परवाना असला तरी नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, हत्यार जप्त, परवाना रद्द. सूट कोणाला? निवडणूक अधिकाऱ्यांना, पोलिसांना आणि बंदोबस्तावर नेमलेल्यांना. आमदाराला नाही, खासदाराला नाही, नगरसेवकाला नाही.

आता विचार करा. मतदान केंद्र म्हणजे काय? बहुतेक वेळा महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा. त्या एका दिवसापुरता कायदा तिथे दारावर उभा राहून सगळ्यांना सारखं सांगतो: हत्यार बाहेर. दुसऱ्या दिवशी त्याच गावातली तहसील कचेरी, त्याच गावातलं ठाणं मात्र 'साहेब, या बसा' म्हणतं. राजाला निवडायच्या दिवशी जो नियम, तो राजाच्या दारी न्याय मागायच्या दिवशी का नाही?

आणि संसदेत? खासदारांसाठीच्या सूचनांत स्पष्ट आहे की संसदेच्या आवारात हत्यार आणायचं नाही. म्हणजे कायदे करणाऱ्यांना आपल्या घरात हे पटलेलं आहे.

ओळखीचा दरवाजा

नियम असला म्हणजे भागतं असं नाही. जिथे तपासणी असते तिथेही हत्यार आत गेलेलं आहे. १२ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, सरकारी रुग्णालयात, टोळीची माणसं वॉर्डात शिरली आणि पहाऱ्यावरच्या दोन पोलिसांसह तिघांना मारून गेली. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला वस्तीतल्या बायकांच्या जमावाने सुऱ्यांनी आणि तिखटाच्या पुडीने मारलं. वर्षानुवर्षं पोलिसांनी तक्रार घेतली नाही, हा त्यांचा राग होता. २४ सप्टेंबर २०२१ रोजी दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात दोन मारेकरी वकिलाचा काळा डगला घालून आले आणि गुंड जितेंदर गोगीला मारलं. १३ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेच्या सभागृहात दोघांनी प्रेक्षागारातून उड्या मारून धुराच्या नळकांड्या सोडल्या. नळकांड्या बुटात लपवलेल्या, आणि प्रवेशाचा पास खासदाराच्या शिफारशीचा.

ही चार प्रकरणं एका मापाची नाहीत. नागपूरच्या बायका आणि जे. जे.तले मारेकरी यांना एका रांगेत उभं करता येणार नाही. पण दाराच्या बाजूने बघितलं तर एक गोष्ट सारखी दिसते. तपासणी गळते ती ओळखीपाशी. काळा डगला दिसला, जाऊ द्या. शिफारशीचा पास दिसला, जाऊ द्या. आमदारसाहेब आले, उभं राहून नमस्कार करा. शनिवारवाड्यात गारदी, आणि आज पदवाले. आपल्याकडे मेटल डिटेक्टरच्या चौकटी खूप आहेत. त्यातून जाताना तो टिंटिं वाजतो, शेजारी बसलेला माणूस बघत नाही, आपण पुढे जातो. खरी अडचण यंत्राची नाहीच. शिपायाने साहेबाला अडवावं, आणि अडवल्याबद्दल त्याची बदली होऊ नये, ही हमी आपल्याकडे नाही.

जगात याचा विचार फार जुना आहे. ग्रीकांमध्ये कारोंडस नावाच्या कायदेकर्त्याची आख्यायिका सांगतात. त्याने कायदा केला होता की सभेत कोणी शस्त्र घेऊन येऊ नये, आला तर मृत्युदंड. एकदा तो दरोडेखोरांच्या पाठलागावरून परतला, सभेत गोंधळ चाललेला बघून तसाच आत गेला. कोणीतरी म्हणालं, तुझा कायदा तूच मोडलास. कमरेला तलवार राहिलेली होती. त्याने तीच तलवार स्वतःवर चालवली. गोष्ट खरी असो नसो, ती रचणाऱ्यांना एक कळलेलं होतं: हा नियम ज्याने केला त्यालाच आधी लागू पडला पाहिजे, नाहीतर तो नियम नव्हे.

इंग्लंडमध्ये १३१३ मध्ये कायदा झाला की संसदेला येणाऱ्याने शस्त्राशिवाय यावं. आदल्याच वर्षी सरदारांनी राजाच्या मर्जीतल्या माणसाचा जीव घेतला होता, त्याची ही पार्श्वभूमी. सातशे वर्षं उलटून गेली, तो कायदा अजून तिथल्या पुस्तकात आहे. आणि अमेरिका, जिथे शस्त्राचा हक्क घटनेतच आहे, तिथेसुद्धा केंद्र सरकारच्या इमारतींत बंदूक न्यायला बंदी आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये शस्त्राचा व्यक्तिगत हक्क मान्य केला, त्याच निकालात शाळा आणि सरकारी इमारती या नाजूक जागा आहेत, तिथली बंदी योग्य, असंही म्हटलं. त्यांच्या कायद्यातली एक बारीक तरतूद आपण घेण्यासारखी आहे. प्रत्येक सार्वजनिक दारावर ठळक पाटी लावलीच पाहिजे. पाटी नसेल आणि माणसाला बंदी माहीत नसेल, तर त्याला शिक्षा होत नाही. म्हणजे नागरिकाने नियम पाळायचा, आणि सरकारने तो आधी नीट सांगायचा.

दुसरी बाजू

आता इथे थांबून उलट्या बाजूनेही बघायला हवं. दारावर तपासणी वाढवा म्हटलं, की ती कोणाची वाढते? आमदाराची वाढत नाही. मुरबाड-शहापूरहून दोन गाड्या बदलून ठाण्याला आलेल्या शेतकऱ्याची वाढते. त्याच्या पिशवीत कोयता असतो, कारण कोयता हा त्याचा हात आहे. त्याला सांगणार, हा बाहेर ठेव. ठेवणार कुठे? झाडाखाली?

जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातले ८४ वर्षांचे शेतकरी धर्मा पाटील मंत्रालयात गेले आणि जमिनीच्या मोबदल्याच्या दादीसाठी हेलपाटे घालून थकल्यावर तिथेच विष घेतलं. काही दिवसांनी ते गेले. त्यानंतर मंत्रालयात बाटल्या तपासल्या जाऊ लागल्या, आणि फेब्रुवारीत आतल्या चौकात जाळी बसवली गेली. जाळीने पडणारा माणूस वाचेल, ते चांगलंच. पण त्याला उडी का मारावीशी वाटली, हे जाळीला विचारता येत नाही. हत्यार दाराबाहेर ठेवा म्हणताना माणूसही दाराबाहेर राहणार नाही, ही काळजी घ्यायलाच हवी. नागपूरची गोष्टही हेच सांगते. ठाण्याने वेळेवर तक्रार घेतली असती तर सुरे कोर्टात गेले नसते.

आणखी एक. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातलं कल्याण कॅम्प. लष्कराच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली, १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं. आज तिथे गुरुद्वारे आहेत, शीख कुटुंबं आहेत. कृपाण धारण करणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग आहे असं आपली घटना कलम २५ मध्ये सांगते. म्हणून 'धारदार ते सगळं बंद' असा सरधोपट नियम चालणार नाही. नियम नेमका हवा.

मग काय करायचं

आम्हाला सुचतं ते फार अवघड नाही. यातलं बरंचसं आपल्याकडे आधीपासून आहे.

निवडणूक लागली की परवानाधारकांना आपली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. सरसकट सगळ्यांची नाही. छाननी समिती बसते, कोणाचं जमा करायचं ते ठरवते. हत्यार घेतलं की पावती मिळते, आचारसंहिता संपली की परत मिळतं. आपल्या आयुक्तालयातली सगळी ठाणी हे काम दर निवडणुकीला करतात. म्हणजे कपाट आहे, नोंदवही आहे, पावतीपुस्तक आहे, ठाणे अंमलदार आहे. जी व्यवस्था दीड-दोन महिन्यांसाठी चालते, ती दीड तासासाठी का चालू नये? तक्रार द्यायला आलात, साहेबांना भेटायला आलात. हत्यार असेल तर अंमलदाराकडे जमा करा, पावती घ्या, जाताना घेऊन जा. शेतकऱ्याच्या कोयत्यालाही हीच सोय. झाडाखाली ठेवायची वेळ नको.

दुसरं, परवान्याच्या अटींत जत्रा आणि शाळा जशा नावानिशी आहेत तशी पोलीस ठाणी, न्यायालयं, महसुली कचेऱ्या आणि पालिका नावानिशी याव्यात. १३४-ख सारखी. सूट फक्त कामावरच्या पोलिसाला. नेत्याचा खासगी अंगरक्षक असेल तर तोही दाराबाहेर. सरकारी अंगरक्षक असेल तर दालनाबाहेर.

तिसरं, दारावर पाटी. मराठीत, मोठ्या अक्षरात. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर जिल्हाधिकारी कार्यालय आहे, न्यायालय आहे, तुरुंग तिथून जवळच. त्या परिसरात किती पाट्या आहेत! पानाची पिंक टाकू नये, वाहन लावू नये, फेरीवाल्यांना मनाई. त्यात एक पाटी आणखी.

आणि चौथं, सगळ्यात अवघड. विचारणाऱ्या शिपायाच्या पाठीशी उभं राहायचं. कोण आमदार, कोण उद्योजक, कोण निवृत्त अधिकारी, हे न बघता 'साहेब, हत्यार असेल तर इथे ठेवा' म्हणणाऱ्या माणसाला वरिष्ठांनी त्याच संध्याकाळी फोन करून झापलं, तर पहिल्या तिन्ही गोष्टी कागदावर राहतील. आणि फोन करायला लावणारे नेते आपणच निवडून देतो, हेही लक्षात असू द्या.

हिललाइनची घटना झाल्यावर चर्चा झाली ती कोणत्या पक्षाने कोणाला पाठीशी घातलं याची. आठवडाभराने दुसरी बातमी आली आणि ती चर्चाही मागे पडली. दाराची चर्चा फारशी झालीच नाही. खटला चालेल, निकाल लागेल, शिक्षा व्हायची त्याला होईल किंवा सुटायचा तो सुटेल. पण दार तसंच राहिलं तर उद्या त्या दालनात दुसरी माणसं बसलेली असतील. कदाचित जमिनीचा सात-बारा हातात घेऊन आलेली एखादी बाई असेल, जिचा त्या भांडणाशी काही संबंध नाही. तिला ठाण्यात बसून निर्धास्तपणे आपलं म्हणणं सांगता आलं पाहिजे. घटनेतला 'विनाशस्त्र' हा शब्द तिच्यासाठी आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. कल्याण-डोंबिवलीतल्या मंडळींनी आपापल्या ठाण्यात, पालिकेत, तहसीलमध्ये दारावर काय पद्धत आहे ते बघून सांगितलंत तर पुढच्या वेळी त्यावर बोलता येईल.